जिवतीचे खिळे

रोशनीचं आंदण चंद्रपूरहून आणायचं ठरलं, तेव्हापासून डोमाला जेवण गोड लागत नव्हतं. त्याने आपल्या परीने मोडता घालून पाहिला. पोरगी नागभीडला नांदायला जाणार, तर सामानही नागभीडलाच घ्यावं, वाटेत पॉलिश उडणार नाही, गाडीही लागणार नाही, असं तो सुनेला तीनदा म्हणाला. ज्योत्स्नाने तिन्ही वेळा ऐकून घेतलं. चौथ्यांदा तो तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, एकच पोरगी आहे आपली. चार दुकानं फिरून तरी पाहू द्या तिले." मुलगा अजय बायकोच्या बाजूचा, नात रोशनी आईच्या. राहिली डोमाची धाकटी बहीण रंभा. पण साक्षगंधापासून रंभाला घरात कोणी काही विचारत नव्हतं.

साक्षगंधाला दीड महिना झाला होता. सगळी वसाहत साखरपुड्याच्या मांडवात बसली होती. नवरामुलगा प्रफुल कोरपन्याकडे सिमेंटच्या कंपनीत नोकरीला, घर नागभीडला, शांत पोरगा. त्याचा बाप बापूजी जंगलखात्यात गार्ड होता, तीन वर्षांमागे रिटायर झालेला. रंभा पाहुण्यांना पाणी द्यायला तांब्या घेऊन पुढे गेली. बापूजीच्या तोंडाकडे तिने निरखून पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा तर नाक्यावरचा गार्ड होय. यानंच माही चौकट खाल्ली."

चौकटीची गोष्ट वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होती. चौदा वर्षांमागे वर्धा नदीच्या काठचं गाव कोळसा खाणीत गेलं, तेव्हा लोकांनी आपापली घरं हातानेच उकलली. कौलं, छपराचे फाटे, दारं, जे निघेल ते ट्रॅक्टरवर टाकून नव्या वसाहतीत आणलं. रंभाच्या घराला सागवानी चौकट होती. तिच्या नवऱ्याने डेपोच्या लिलावात लाकूड घेऊन, पावतीसकट, लग्नाच्या साली बसवलेली. नवरा पुढे पुरात गेला, मूलबाळ नव्हतं, घर गेलं. मागे राहिली ती एवढी चौकट. ती आणायचं काम भावाकडे होतं. संध्याकाळी डोमा रिकाम्या हाताने आला आणि म्हणाला, जंगलखात्याच्या नाक्यावर धरली, लाकडाचा पास नव्हता.

रंभा तीनदा नाक्यावर गेली. तिसऱ्यांदा पावती घेऊन गेली. गार्डने तिला रजिस्टर उघडून दाखवलं आणि सांगितलं, की बाई, अशी चौकट इथे आलीच नाही. तिने ते खरं मानलं नाही. मास्तरकडून अर्ज लिहून घेतला आणि वर पाठवला. त्यावर तिचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून डोमाचा.

आणि चौकट नाक्यावर कधी गेलीच नव्हती. हे डोमाला ठाऊक होतं, आणि चंद्रपूरच्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला.

साक्षगंधाच्या मांडवात बापूजीचा चेहरा उतरला, तेव्हा डोमाला खरं बोलता आलं असतं. तो उठलाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मनावर घेऊ नका इवाई," तो व्याह्याला म्हणाला, "माणूस गेल्यापासून बाईचं डोस्कं ठिकाणावर नाई." लोकांनी माना हलवल्या. दोन बायांनी रंभाला धरून आत नेलं. ती जाताना भावाकडे पाहत होती. रागाने नाही. आपल्या डोक्याचं खरंच काही झालं की काय, हे जणू त्यालाच विचारत होती.

तेव्हापासून ज्योत्स्ना तिला गॅसजवळ जाऊ देत नव्हती. तिखटमिठाच्या कपाटांनाही कुलूप लागलं होतं.

*

चंद्रपूरच्या जटपुरा गेटपाशी बापूजी नागभीडच्या बसने येऊन उभा होता. खरं तर नवऱ्याकडच्यांनी आंदण पाहायला येऊ नये, पण रोशनीने स्वतः फोन करून बोलावलं होतं: मामाजी, खोलीचं माप घेऊन या. त्या पोरीला ताणलेलं सगळं सैल करायचं होतं. त्याचसाठी ती रंभाआजीलाही घेऊन आली होती. आजी आली नाही तर मी गाडीत बसत नाही, म्हणाली. ज्योत्स्नाने निघण्याआधी रंभाकडून वचन घेतलं की चौकटीचं नाव काढायचं नाही. रंभाने मान हलवली. आता ती पिकअपमधून उतरून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, सगळ्यांच्या मागून चालत होती.

बापूजीने तिला हात जोडले. तिनेही जोडले.

बापूजीच्या खिशात लोखंडी पट्टीचा टेप होता. झाडांचे घेर मोजून मोजून त्या टेपची सवय लागलेली. दुकानात शिरला की तो आधी माप घ्यायचा, मग भाव ऐकायचा. "खोली दहा बाय अकराची आहे बेटा," तो रोशनीला म्हणाला, "पलंग लय मोठा घेतला तर तुमाले खिडकीतून आत जा लागन." रोशनी हसली. ज्योत्स्नाही हसली, जरा जास्तच.

गोल बाजारात त्यांनी तीन दुकानं पालथी घातली. काचेच्या टेबलांवर प्लास्टिकची फुलं, भिंतीवर पळते घोडे, पाण्याची छोटी कारंजी, सोनेरी पायांचे सोफे. अजय प्रत्येक सोफ्यावर बसून उठत होता. डोमा मात्र घाईत. दिवाण दाखवला की चांगला आहे, आलमारी दाखवली की मजबूत आहे, घ्या आणि चला. जुन्या गावात नदीचे डोंगे घडवणारा माणूस तो. अंगठ्याचं नख लाकडावर ओढून झाडाचं वय सांगायचा. एका दिवाणावर सवयीने त्याने बोटाचं पेर वाजवलं, तर पुठ्ठ्यासारखा आवाज आला. तरी तो म्हणाला, "एक नंबर माल आहे."

बापूजीने चमकून पाहिलं. "डोमाभाऊ, हे तर भुशाचं आहे. एक पावसाळा खाल्ला की फुगन."

"आता असंच चालते," डोमा म्हणाला आणि त्याने नजर वळवली. जंगलच्या माणसासमोर भुशाला लाकूड म्हणायची पाळी आली, याची त्याला लाज वाटली. पण लाजेहून भीती मोठी होती. पठाणपुऱ्याकडच्या रस्त्याला तो जुन्या लाकडाचा व्यापारी होता. फिरता फिरता त्या रस्त्याला कोणीतरी वळणार, हे त्याला सकाळपासून दिसत होतं.

शेवटी बापूजीच्याच सल्ल्याने बाभळीचा दिवाण आणि लोखंडी आलमारी घेऊन पिकअपवर चढवली. उन्हं डोक्यावर आली. डोमा गाडीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. झालं ना, म्हणाला. तर रोशनीने मोबाइल पुढे केला.

"आरसा राह्यला ना बाबाजी. ड्रेसिंग टेबल मले एकही आवडला नाई. हे पाह्य, इथी जुन्या लाकडाचे आरसे भेटतात."

पडद्यावर दुकानाची पाटी होती. तिने ती वाचून दाखवली. त्याच व्यापाऱ्याचं आडनाव.

*

त्या व्यापाऱ्याची तेव्हा टिनाची वखार होती. गाव उठत होतं त्या दिवसांत त्याचा माणूस ट्रक घेऊन दारोदार फिरे. डोमाच्या घरचं लाकूड वाळवीने खाल्लेलं, तरी तो ते ट्रॅक्टरवर टाकून वखारीत घेऊन गेला. व्यापाऱ्याने ते पायाने ढकललं आणि म्हणाला, याचं मी काय करू. मग त्याची नजर ट्रॅक्टरवर आडव्या ठेवलेल्या रंभाच्या चौकटीवर गेली. वखारीत एक रेग्झिनचा सोफा पडून होता, मरून रंगाचा, कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातून निघालेला. व्यापारी म्हणाला, ही टाक आणि तो घेऊन जा.

नव्या वसाहतीत तेव्हा घरोघर सोफे येत होते. ज्यांची जमीन जास्त गेली त्यांच्याकडे नवे कोरे. डोमाची जमीन नव्हती, नदी होती, आणि नदीचा मोबदला कोणी देत नाही. अजयच्या सासरचे नवं घर पाहायला येणार होते. त्यांना सतरंजीवर बसवावं लागणार, एवढंच त्या दुपारी डोमाच्या डोक्यात होतं. चार दिवसांनी सोफा घरी आला. ज्यांनी विचारलं त्यांना तो म्हणाला, सस्त्यात भेटला. पाहुणे त्यावर बसले, चहा प्याले. आणि पाहुणे गेल्यावर घरात जागा नव्हती म्हणून रंभा त्यावर निजायला लागली. चौदा वर्षं ती त्याच सोफ्यावर निजत होती, आणि झोप येईपर्यंत नाक्यावरच्या गार्डला शिव्या देत होती.

दुकानात शिरताना डोमाने आधी गल्ल्याकडे पाहिलं. तिथे एक तरुण बाई बसली होती. तिच्या मागे भिंतीवर म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. तो हार पाहून डोमाला हायसं वाटलं. मग मेलेल्या माणसाकडे पाहून आपल्याला हायसं वाटलं, याने त्याचेच कान तापले.

दुकान मोठं होतं. वखारीचं टिन जाऊन पांढऱ्या फरशीचा हॉल झाला होता. सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण एवढ्या पांढऱ्या फरशीवर पाय ठेवायचा धीर होईना. बैलगाडीच्या चाकाचं टेबल, उखळाची कुंडी, जुन्या दाराची बैठक. रंभा आत आली नाही. दाराजवळ एका स्टुलावर बसून राहिली.

"आई, इकडे ये," रोशनीने कोपऱ्यातून हाक मारली.

पुरुषभर उंचीचा आरसा होता. भोवती जुनी चौकट, घासून, तेल पाजून काळीभोर केलेली. गल्ल्यावरची बाई उठून आली. तिने सांगितलं की हे ओरिजिनल सागवान आहे, तिच्या सासऱ्यांनी खाणीत गेलेल्या गावांतून असा माल घेतला होता, किती वर्षं गोदामात पडून होता, आता लोकांना जुनंच आवडतं म्हणून बाहेर काढला. उजव्या बाजूच्या पट्टीवर खालून वर खिळ्यांची एक रांग होती. लोहाराने घडवलेले चपट्या डोक्याचे खिळे, एकाखाली एक, बोटभर अंतरावर. "हे आम्ही मुद्दाम काढले नाहीत," ती म्हणाली. "लोक याचेच फोटो काढतात."

डोमाने रांग ओळखली.

दर आषाढात जिवतीच्या अवसेला लोहार दारोदार फिरायचा, चौकटीत एक खिळा ठोकायचा आणि सुपातले तांदूळ घेऊन जायचा. घरात रोगराई येऊ नये, पोरंबाळं जगावी, म्हणून. बाकीचे लोक कुठेही ठोकून घेत. रंभाचा नवरा हौशी. तो लोहाराला बोटभर मोजून जागा दाखवायचा, ओळीत ये म्हणायचा. अशी रांग सगळ्या गावात एकाच दाराला होती.

बापूजीने लाकडावरून तळहात फिरवला. "माल अस्सल आहे," तो म्हणाला. "हा घे बेटा."

"नको," डोमा म्हणाला. आवाज जरा मोठा निघाला. "कोणाच्या घरचं जुनं लाकूड. नव्या संसारात ठेवू नाई."

ज्योत्स्ना म्हणाली, सकाळपासून तुम्हाला सगळं चांगलं दिसत होतं आणि अस्सल माल आला तर नको म्हणता. अजय भाव विचारायला वळला. डोमाला एकच सुचलं. रंभाला इथून काढायचं. तो दाराकडे गेला आणि म्हणाला, "रंभे, चल, समोर चहा पिऊन येऊ. तू आन मी."

रंभाने वर पाहिलं. दीड महिन्यात तिला कोणी चहाला चल म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला, की डोमाला ते पाहवेना. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला, आणि पायात चप्पल घालणार तोच रोशनीची हाक आली.

"आजी, तू सांग ना वो. घेऊ का हा आरसा?"

आपलं मत कोणी विचारावं, हेही तिला नवं होतं. ती भावाला म्हणाली, "थांब गा थोडा," आणि फरशीवरून जपून पावलं टाकत कोपऱ्यात गेली.

आधी तिने आरशात स्वतःलाच पाहिलं. मग तिचा हात बाजूच्या पट्टीवर गेला. बोट एका खिळ्यावर टेकलं, तिथून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. बोट वर चढत गेलं आणि एकवीसवर थांबलं. त्याच्या वर एका खिळ्याची जागा रिकामी होती. ती रिकामी जागा तिने दोनदा चाचपली.

"या साली हे गेले," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. "लोहार आला होता. मीच त्याले परत लावलं."

रिकाम्या जागेच्या वर सहा खिळे होते. तेही तिने मोजले. मग ती वळली. बापूजीकडे नाही, आधी ज्योत्स्नाकडे. "पाह्य. मी येडी नाई."

ज्योत्स्नाने तोंडाला पदर लावला. तिला काय वाटलं ते दिसत होतं: गॅस, दीड महिना, कुलूप लावलेली तिखटमिठाची कपाटं. ती रंभाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच बापूजीला म्हणाली, "हे काय आहे जी?" तिच्या आवाजात सकाळचं हसू नावालाही उरलं नव्हतं. अजयही पुढे झाला. सोयरिकीसाठी आम्ही आमच्या आत्याला चार लोकांत वेडी ठरवलं, तो म्हणाला, आणि तुम्ही हात जोडून पाहत राहिलात.

"इथी आणून इकली ना तुमी?" रंभाने विचारलं. ती ओरडली नाही. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आल्यावर माणूस ओरडत नाही.

बापूजीच्या हातातला टेप सर्रकन आत गेला. रोशनी रडवेली झाली होती. "मामाजी, नाई म्हणा ना," ती म्हणाली.

"चौदा वर्षं तेच म्हणून राह्यलो बेटा." तो रंभाकडे वळला. "बाई, तुमचा अर्ज वर गेला. चौकशी लागली. माह्या रजिस्टरात काही सापडलं नाई, तरी मले एटापल्लीच्या जंगलात धाडलं. चार वर्षं. प्रफुल तवा शाळेत होता. त्याची आई बिमार होती. ती गेली तवा मी तिकडेच होतो." त्याने आरशाकडे बोट केलं. "आता तर चौकटच समोर उभी आहे. आता मी काय सांगू, आन कोण ऐकन. साक्षगंधाचं काही परत नका करू. पण असं तोंड घेऊन मी मांडवात उभा नाई राहू शकत."

तो दाराकडे वळला.

डोमा तिथेच होता. त्याने गप्प राहून पाहिलं. गप्प राहिलं की झालं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. व्यापारी फोटोतल्या हारात गेला होता. त्याची सून काही जाणत नव्हती. चौकट स्वतःच बापूजीविरुद्ध साक्ष देत होती. सोयरीक मोडली तर दोष त्या गार्डचा, आणि रंभा आजपासून घरात शहाणी. एवढं सगळं आपोआप जुळून आलं होतं. बापूजी वाकून चपला शोधत होता. सहा जणांच्या चपलांत त्याला आपली सापडेना.

"भाऊ," रंभा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्यांत भावाविषयी नुसती माया होती. "तू होता ना तवा. तूच साक्षीदार. सांग याइले."

पुन्हा साक्षीदार. डोमाने तोंड उघडलं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दारासारखा त्याच्या घशातून आधी नुसता आवाज आला.

"चौकट नाक्यावर गेलीच नाई," तो म्हणाला. "मी इकली. या फोटोतल्या माणसाले."

त्याला वाटलं ऐकूच गेलं नसावं, म्हणून तो पुढे बोलत राहिला. थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. "पैसे नाई घेतले. सोफा घेतला. तू ज्याच्यावर निजते तो. अजयचे सासरचे येणार होते म्हून. तुले काय सांगावं ते सुचलं नाई, तर नाका म्हटलं. कोणाचं नाव नाई घेतलं मी. नुसता नाका म्हटलं."

"त्या साली नाक्यावर मी एकटाच होतो, डोमाभाऊ," बापूजी दारातून म्हणाला.

अजय बापाकडे पाहत होता, आणि मग पाहायचं थांबला. ते थांबणं डोमाला अंगावर चाबूक पडावा तसं लागलं. ज्योत्स्नाने रोशनीला जवळ ओढलं. दुकानदारीण बिचारी गल्ल्यामागे जाऊन उगाच वही चाळू लागली.

रंभाने शिवी दिली असती, अंगावर धावून आली असती, तर डोमाने ते आनंदाने घेतलं असतं. ती त्याच्या बाजूने निघून गेली, जसं माणूस खांबाच्या बाजूने जातो. दाराशी जाऊन खाली बसली. चपलांच्या ढिगातून तिने बापूजीची चप्पल शोधून काढली, दोन्ही नीट जोडून त्याच्या पायांपुढे ठेवली आणि हात जोडले. बापूजी दोन पावलं मागे सरला. "नको बाई, असं नको," तो म्हणाला. डोमाने आपल्या पापासाठी आपल्या बहिणीला परक्या माणसाच्या पायांशी बसलेलं पाहिलं. जन्मभरात त्याने पुष्कळ वाईट पाहिलं होतं. सख्ख्या मेव्हण्याचं प्रेत त्याने स्वतः नदीतून काढलं होतं. पण डोळे मिटून घ्यावे असं त्याला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"लग्न नका मोडू जी," रंभा बापूजीला म्हणाली. "पोरीचा काही कसूर नाई."

बापूजीने चपला पायात घातल्या. लग्न मोडणार नाही, तो म्हणाला. पण मांडवभर लोकांनी ऐकलं होतं की हा गार्ड चोर आहे, आणि ते तसंच राहिलं तर त्या वसाहतीत त्याला वरात घेऊन येता येणार नाही.

"तसं नाई राहणार," रंभा म्हणाली. ती उठली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने भावाकडे सरळ पाहिलं. "मी एका मांडवात बोलली. तू घरोघर बोल. लग्नाच्या आवतनाच्या अक्षता द्याले जाशीन ना, तवा दर दारात आधी हे सांग, आन मग अक्षता दे. एकही घर सोडू नको."

डोमाने मान हलवली.

रोशनीने डोळे पुसले आणि आजीला विचारलं, मग चौकट घरी न्यायची का. रंभा आरशाकडे पाहत उभी राहिली. घर होतं म्हणून चौकट होती, ती म्हणाली. आता त्यात काच आहे, मी त्यातून जाऊन कुठे निघू. ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही अशा माणसाने नेली तर मला बरं वाटेल. आरसा दुसरीकडून घ्यायचं ठरलं.

बापूजी बसस्टँडकडे गेला. पिकअपमध्ये पुढे जागा होती, पण डोमा कोणी सांगायच्या आधी मागे चढला आणि दिवाण-आलमारीच्या मध्ये उकिडवा बसला. घर येईपर्यंत पुढच्या कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

*

अक्षता द्यायचा मान घरच्या वडील माणसाचा, आणि ताट धरायचा बहिणीचा. मंगळवारी सकाळी डोमा धुतलेलं धोतर, टोपी घालून अंगणात आला, तेव्हा त्याला वाटलं एकट्यालाच जावं लागेल. तर रंभा पिवळ्या तांदळांचं ताट घेऊन दारात उभी होती. तीन दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रात्री ती सोफ्यावर निजली नाही, रोशनीजवळ खाली निजली. आता ती दोन पावलं मागून चालू लागली.

पहिलं घर जनीचं. जुन्या गावातही ती शेजारीण होती. ती झाडणी टाकून, हात पुसत, हसत बाहेर आली. मागोमाग तिची सून आली, पोरं आली, ओसरीवर दाढी करत बसलेला नवराही साबणाचं तोंड घेऊन वळला. मंगल कामाला आलेला माणूस पाहून सगळ्यांचे चेहरे उघडे.

डोमाने टोपी काढली. अक्षता देताना कोणी टोपी काढत नाही, म्हणून पोरं हसली. त्याने सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडखळला. रंभा मागून काही सुचवील म्हणून थांबला. ती थांबूनच राहिली. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: रंभाची चौकट मीच विकली, सोफ्यासाठी. नाक्याचं खोटं सांगितलं. अर्जावर खोटा अंगठा दिला. बापूजीचा काही दोष नाही. आणि माझी बहीण शहाणी आहे. वेडी मी म्हटली, ते माझं पाप झाकायला.

हसू कुठे ठेवावं ते जनीला कळेना. नवऱ्याच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. सुनेने पोरांना आत ढकललं. डोमाने ताटातल्या अक्षता उचलून जनीच्या ओंजळीत टाकल्या. रविवारी रोशनीचं लग्न आहे, सगळ्यांनी या, असं खालच्या आवाजात म्हणाला.

"बसा ना डोमाभाऊ," जनी एकदाची म्हणाली. तिचीच नजर खाली गेली होती. "चहा ठेवतो."

"चहा नको," रंभा मागून म्हणाली. तिने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "एकेचाळीस घरं राह्यली अजून."